मंगळवारचं बाकडं

दवाखान्याची पिशवी जशी जड होत जाते तसे माणसाच्या डोक्यात किस्सेही साठत जातात. रिपोर्टांना निदान प्लास्टिकची फाईल असते. किस्से कुठं ठेवायचे? म्हणून लिहायला बसले. शाळा माझी सातवीपर्यंतच झाली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हिंगोलीतल्या एका दवाखान्यात दर मंगळवारी बाहेरगावाहून मेंदूचे डॉक्टर येतात. अकराला येणार म्हणून आम्ही आठलाच नंबर लावतो, आणि ते येतात साडेबाराला! तोवर ओपीडीबाहेरच्या लोखंडी बाकड्यावर आम्ही पाचजणी. बसून बसून आमच्या पाचजणींचं एक गावच झालं म्हणा ना.

मी आखाडा बाळापूरजवळच्या खेड्यातली. घरी शेळ्यामेंढ्या आणि थोडं कोरडवाहू रान. माझी पोरगी आरोही, तिला आम्ही आरू म्हणतो, आठ वर्षांची. तिला दोन महिने ताप येऊन-जाऊन राहिला. संध्याकाळी चढायचा, घामानं अंग भिजायचं, आणि सकाळी पोरगी उड्या मारायला मोकळी. मग चालताना तिचा तोल जायला लागला. मग एक दिवस ती चुलीपाशी बसली होती. मी मागून हाक मारली, तिनं वळून बघितलंच नाही. चार हाका मारल्या. पाचव्या हाकेला पाठीत धपाटा घातला. लेकरू दचकलं.

"काहून मारलं आई? मी काय केलं?"

त्या धपाट्याला आता वरीस होऊन गेलं. आरूला माझी हाक परत ऐकू यावी, एवढ्या एकाच गोष्टीसाठी मी त्या बाकड्यावर बसते. बाकीचं सगळं वाट बघताना झालेलं बोलणं.

*

पहिल्यांदा आरूला ॲडमिट केलं तेव्हाची गोष्ट. पाठीतलं पाणी काढलं, डोक्याचा फोटो काढला, रक्त तर रोजच. आधी टीबी म्हणाले, मग टीबी नाही म्हणाले. रोज विचारायचे, "घरी कुणाला खोकला आहे का? बाहेरचं काही खाल्लं का?" आम्ही रोज सांगायचो, "न्हाई साहेब." दुधाचं कुणी विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे आम्हाला माहीत नाही. दूध काय आजार असतो? ते तर औषध!

आमच्यात अशक्त लेकराला शेळीची धार थेट तोंडात सोडतात. भांड्यात काढलं की त्यातला कस जातो म्हणतात. नातीचे गाल बसलेले बघून माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, राहवेना. तिसऱ्या दिवशी आरूचे पप्पा टेम्पोत घालून शेळीच घेऊन आले! दवाखान्यामागच्या लिंबाला बांधली. रोज सकाळी आरूला शाल गुंडाळून खाली न्यायचं, शेळीपाशी बसवायचं आणि आत्याबाईंनी धार मारायची. वॉचमन तर ओळखीचाच झाला. शेळीला पाला आणून टाकायचा.

त्या मंगळवारी मेंदूचे डॉक्टर कधी नव्हे ते सकाळीच आले, आणि खिडकीपाशी उभे राहून आरूची फाईल चाळत होते. खाली नजर गेली. फाईल तशीच टाकली आणि जिन्यानं पळतच खाली!

"हे काय चाललंय?"

"दवा चालू हाय साहेब," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्यानं गुण येईना, म्हणून आमची."

"कच्चं दूध? कधीपासून पिते ही?"

"दात आले तवापासून."

"यंदा तुमच्या शेळ्यांनी गाभ टाकला का?"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "सहा शेळ्यांनी टाकला. पर तुमाला कुणी सांगितलं?"

डॉक्टर सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांकडं वळले. "आपण वर रिपोर्ट शोधतोय, आणि रिपोर्ट इथं खाली झाडाला बांधलाय!"

सगळे हसले. मीपण हसले. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ज्या रोगानं शेळीचा गाभ पडतो त्याचे जंतू कच्च्या दुधातून पोटात जातात, तिथून रक्तात, आणि एखाद्याच्या मेंदूत, कानाच्या नसेत उतरतात. माझं हसू तिथंच थांबलं. आत्याबाई गावाला गेल्या की धार मीच मारत होते.

*

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं.

आरूच्या पप्पांची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती. आत्याबाई येताजाता त्यांना बोलायच्या, "चाळिशीच्या आत म्हातारा झाला. कामचुकार!" त्यांच्या रक्तात तोच रोग निघाला. हे तर खूशच झाले! कागद घेऊन आईसमोर उभे राहिले, "घे! कामचुकार न्हाई मी. सर्टिफिकेट हाय आता!"

माझं रक्त चांगलं निघालं. आणि आत्याबाईंचंही! जन्मभर शेळ्यांत राहिलेली बाई, आमच्या सगळ्यांच्या वाटणीचं कच्चं दूध एकटीनं प्यालेली, आणि रिपोर्ट एकदम कोरा. डॉक्टरसुद्धा हसले. "आजी, तुमची कमाल आहे!"

आत्याबाईंनी तो कागद हातात धरला. उलटा होता का सुलटा, त्यांना वाचता येत नाही.

"मला द्यायचा होता ना देवा," म्हणाल्या. "मला आता काय ऐकायचं राहिलं?"

*

कनेरगाव नाक्याच्या शांताकाकूंचा किस्सा बाकड्यावर सगळ्यात जास्त वेळा सांगितला गेला असेल. त्यांचा रोडवर ढाबा आहे. शुद्ध शाकाहारी. काकूंचे मालक, अण्णा, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत.

एक दिवस अण्णांना डाळ करपल्याचा वास आला. आचाऱ्याला झापलं. दुसऱ्या दिवशी परत वास. आचारी म्हणाला, "अण्णा, डाळ अजून पाण्यात भिजून राहिली. चुलीवर चढलीच न्हाई!" अण्णांना वाटलं, उलट बोलतो. हाकलला. दुसरा आणला. चार दिवसांत त्यालाही हाकलला. मग काकू स्वतः चुलीपाशी उभ्या राहिल्या.

"मला म्हणले, तुझ्या हातची डाळ करपती! एवढा संसार झाला, पहिल्यांदा असं बोलले. मी म्हणलं, हाकला मंग मलाबी!"

काकू असं म्हणतात तोवर अण्णा एकटक बघायला लागले, ओठ चाटायला लागले, आणि झटका येऊन खुर्चीवरून खाली पडले. मेंदूत किड्याची गाठ निघाली. ती डाळ चुलीवर नाही, अण्णांच्या डोक्यात करपून राहिली होती!

डॉक्टर म्हणाले, "हा किडा डुकराच्या मटणातून..."

अण्णा पलंगावर ताडकन उठून बसले. "साहेब! मी माळकरी हाय!"

"ऐका तर. ज्याच्या पोटात किडा असतो त्याच्या घाणीतून अंडी पसरतात. पाण्यात जातात, भाजीवर बसतात. कोथिंबीर खाता का?"

"खातो."

"धुवून?"

अण्णांनी काकूंकडं बघितलं!

गोळ्या सुरू झाल्या, वास गेला. अण्णांनी दोन्ही आचाऱ्यांना फोन लावून माफी मागितली. पहिला परत आला. दुसरा म्हणाला, "न्हाई अण्णा, मी सैपाकाचं काम सोडलं. तुमी म्हणले माझ्या हाताला अक्कल न्हाई. मला खरंच वाटलं."

काकू सांगतात, अजूनही जेवायला बसले की अण्णा त्या पोराचं नाव काढतात आणि घास तसाच हातात राहतो.

*

आरूच्या गोळ्या चालू झाल्या. किती महिने लागतील ते डॉक्टरांनी सांगितलं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. एका मंगळवारी पहाटे आरूची लघवी नारिंगी! मेंदूतला रोग आता खाली उतरला असं वाटलं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ती लघवी भरली, झाकण गच्च लावलं आणि पहिली एसटी धरली.

ऊन मरणाचं. बाटली मी मांडीवर उभी धरलेली, सांडू नये म्हणून. शेजारी एक आजोबा. बाळापुरापासून त्यांची नजर बाटलीवर. कळमनुरी गेली तसा त्यांना धीर निघेना.

"बाई, लई तहान लागली. त्या सरबताचा एक घोट देता का?"

"न्हाई बाबा, ते दवाखान्याचं हाय."

"दवाखान्याचं म्हणजे ताकदीचं आसंल. मलाबी ताकद पाहिजेच हाय!"

शेवटी मी त्यांच्या कानात सांगितलं काय आहे ते. पुढच्या स्टॉपला आजोबा उठून दुसऱ्या सीटवर गेले!

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "गोळीनं असाच रंग येतो हो ताई. सांगायला विसरलो. घाबरू नका." आणि मग म्हणाले, "म्हणजे गोळी बराबर चालू आहे."

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि रडायलाच लागले. शांताकाकू म्हणाल्या, "आता काहून रडती? चांगलं सांगितलं ना?" त्यांना काय सांगू? मला वाटलं होतं, एवढ्या लांबून आले तर डॉक्टर कानाचंही काही सांगतील.

*

कळमनुरीच्या रुक्सानाभाभी कपडे शिवतात. त्यांची सानिया दहा वर्षांची, तिचे हात आपोआप नाचायचे. चहा आणायला सांगितला की कप भिंतीवर! खांदे उडायचे, तोंड वाकडं व्हायचं. आधी तिचा घसा दुखला होता. तो बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी हे सुरू झालं. घशाच्या दुखण्यानं हात नाचतात हे कुणाच्या मनात येणार? शाळेत बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं, नक्कल करते म्हणून. घरी भाभी ओढणीनं तिचे हात बांधून ठेवायच्या.

एक दिवस तिची दादी तिला समजावत होती. सानियाची जीभ बाहेर आली, आत गेली, परत बाहेर आली. दादीला जीभ दाखवते! भाभींनी उलथनं फेकून मारलं.

मग दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी हात बघितले, बोटं दाबायला लावली, आणि म्हणाले, "बेटा, जीभ बाहेर काढून दाखव."

सानियानं अम्मीकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंडच दाबून धरलं.

"दाखव ना. काही करत नाही मी."

"नही. अम्मी मारती."

भाभी हा किस्सा सांगताना आधी खूप हसतात. सानिया आता बरी आहे, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेते, सुईत दोराही ओवते. हसून झालं की भाभी प्रत्येक वेळेस तेच म्हणतात, "डॉक्टर को क्या बोलती मैं? बच्ची सच बोली ना."

*

सेनगावकडच्या कमलमावशींना आधी जुलाब झाले, मग पायांना मुंग्या, मग एका सकाळी तोंडच ढिलं पडलं. एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूंनी. हसायला येईना, भुवई उचलेना, डोळे मिटेनात. शरीरच आपल्या नसांवर उलटलं, असं डॉक्टर म्हणाले. पाय महिनाभरात सुधारले, तोंड मात्र तसंच. आणि पंधरा दिवसांवर पोरीचं लग्न!

मांडवात सगळे नटूनथटून हसून राहिलेले, आणि नवरीची आई दगडासारखी. वराकडच्या बायका कुजबुजायला लागल्या. व्याही तर जेवणाच्या पंगतीतून उठून आला. "इहिणबाई, सोयरीक पसंत नसंल तर आताच सांगा. पोरीला मागून तकलीफ नको."

मावशींनी सांगायचा प्रयत्न केला, पण ओठ जुळेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेहरा हलेना. व्याह्याला ते आणखीच वंगाळ वाटलं.

मावशी बाकड्यावर सांगायच्या, "आतून मी इतकी हसून राहिले होते ग! एवढं चांगलं घर भेटलं पोरीला. पर आतलं हसू कुणाला दाखवू?"

आता त्यांचं तोंड उजवीकडून थोडं उचलतं. लग्नाचा अल्बम मात्र त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवलाय.

*

सविता माझ्याच वयाची, औंढ्याकडची. तिचा यश सात वर्षांचा. अंगावर पीत होता तेव्हा ती दोघं नवराबायको ऊसतोडीला गेली होती. लस राहिली, आणि फडावरच यशला गोवर निघाला. चार दिवसांत बरा झाला, विसरूनही गेले. एवढ्या वर्षांनी तो पोरगा पाढे विसरायला लागला, वाट विसरायला लागला, आणि त्याची मान खाली जायला लागली. थोड्या थोड्या वेळानं मान खाली जायची आणि वर यायची, आपण हो म्हणतो तशी.

सविता त्याच्याशी सारखी बोलायची. "भूक लागली यश?" मान हलायची. "घरी जायचं?" मान हलायची. आम्हीही चिडवायचो, "काय गुणाचं पोरगं हाय! कशाला न्हाई म्हणत न्हाई. सविता, तुझ्या सुनेची मजा हाय!" ती पदर तोंडाला लावून हसायची.

एका मंगळवारी डॉक्टरांनी सविताला आत बराच वेळ बसवून घेतलं. बाहेर आली ती सरळ बाकड्यावर बसली. यशला मांडीवर घेतलं.

"यश, बरा व्हशील ना रे बापा?"

मान हलली.

तिनं आमच्याकडं बघितलं. "बघा," म्हणाली, "म्हणला का न्हाई?"

त्यानंतर सविता आली नाही. तिच्या जागेवर आम्ही पिशव्या ठेवतो.

*

आता आरूचं.

गोळ्या पुऱ्या झाल्या. ताप गेला, तोल सावरला, पोरगी मेंढ्यांमागं पळायला लागली. राहिले कान. डॉक्टर म्हणाले, "नस किती वाचली ते तपासून कळेल. काही महिने जाऊ द्या." मला कुठला धीर! मी घरीच तपासायला लागले. सकाळी ती वेणी घालायला बसली की मागून हाक. ताटावर पळी वाजवायची. दार आपटायचं. ती वळायची नाही. मग मी पुढं होऊन तिची वेणी घालायचे, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मानेवर पडायचं.

एक दिवस, दारातनं आलेल्या उन्हात माझी सावली तिच्या पुढ्यात पडलेली, मी ताट वाजवलं आणि आरू वळली!

परत वाजवलं. वळली! दुसऱ्या दिवशी हाक मारली, वळली. मी तशीच अंगणात पळत गेले. "आत्याबाई, पोरीला ऐकू येऊन राहिलं!" आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मंगळवारी मी बाकड्यावर पेढे वाटले. शांताकाकूंनी आरूची अलाबला घेतली, रुक्सानाभाभी रडल्या, कमलमावशी अर्ध्या तोंडानं हसल्या.

त्याच दिवशी कानाची तपासणी होती. काचेची खिडकी असलेली छोटी खोली. आरूला आत बसवलं, तिच्या डोक्याहून मोठा हेडफोन कानावर घातला. तपासणाऱ्या मॅडमनी पाटीवर लिहून दाखवलं, 'आवाज आला की बोट वर करायचं.' आरूनं वाचलं, मान डोलावली. मॅडम बाहेर येऊन टेबलाशी बसल्या. मी त्यांच्या मागं उभी, काचेला चिकटून. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

आरू माझ्याकडं बघत होती. तिनं बोट वर केलं.

माझ्या तोंडून हुंदकाच निघाला. ती बघून राहिली. परत बोट वर. मी हसले. परत वर! मी मॅडमचा खांदाच धरला. "बघा मॅडम, बघा! माझी पोरगी सगळे आवाज ऐकून राहिली!"

मॅडम फॉर्मवर आरूचं नाव लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली. आधी खोलीत बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई," म्हणाल्या, "मशीन मी अजून चालूच केली नाही."

काचेपलीकडून आरूनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि घाईघाईनं दुसऱ्या हाताचंही बोट वर केलं.